हबस्पॉटच्या इनबाउंड सेल्स सर्टिफिकेटची तयारी कशी करायची: वहीपासून परीक्षेपर्यंत

पहिल्या वेळेला मी ही परीक्षा नापास झाले. तेव्हा सेल्समध्ये सहा वर्षं झाली होती, टार्गेट पूर्ण करणारी म्हणून ऑफिसात नाव होतं, त्यामुळे व्हिडिओ दीडपट स्पीडने पळवले आणि एका रविवारी दुपारी बसले परीक्षेला. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की मी पडले ती माझ्या अनुभवामुळेच. प्रश्न असायचा की एखाद्याने वेबसाईटवर फॉर्म भरलाय, आता पहिल्या फोनवर तुम्ही काय कराल, आणि मी उत्तर द्यायचे ते आमच्या ऑफिसात आम्ही काय करतो त्याचं, म्हणजे डेमोची वेळ पक्की करणं. पर्यायांमध्ये ते उत्तर असायचंच, आणि ते चूक असायचं.

म्हणून सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की तुम्ही किती छान बोलता, किती डील आणता, प्रॉडक्टची किती फीचर्स पाठ आहेत, यातलं काहीही ही परीक्षा तपासत नाही. समोरचा माणूस विकत घ्यायच्या कुठल्या टप्प्यावर उभा आहे ते ओळखून, त्याच्या क्रमाने तुम्हाला चालता येतं का, एवढंच ती तपासते. हे एकदा पटलं की अर्धी तयारी झाली. उरलेली अर्धी कशी करायची ते खाली लिहितेय, मी दुसऱ्या वेळेला दहा दिवस रोज साधारण एक तास दिला होता आणि नोकरी करणाऱ्याला तेवढं पुरतं.

आधी कोणतं सर्टिफिकेट ते नक्की करा

हबस्पॉट ही अमेरिकेतली, मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिज शहरातली, मार्केटिंग आणि विक्रीचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. ब्रायन हॅलिगन आणि धर्मेश शाह यांनी 2006 मध्ये सुरू केली. त्यांचं म्हणणं असं होतं की लोकांना नको असताना फोन आणि मेल मारत बसण्यापेक्षा त्यांना उपयोगी पडेल अशी माहिती द्या, म्हणजे ते स्वतःहून तुमच्याकडे येतील, यालाच ते इनबाउंड म्हणतात. त्यांच्या ऑनलाईन अकॅडमीत बरेच कोर्स फुकट आहेत आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो, कारण सेल्स नावाची सर्टिफिकेटं एकापेक्षा जास्त आहेत. एक आहे इनबाउंड सेल्स, ज्यात विकण्याची पद्धत शिकवतात. दुसरं त्यांचं सॉफ्टवेअर सेल्सच्या कामात कसं वापरायचं त्याचं, म्हणजे डील कशी तयार करायची, टास्क कुठे लावायचा वगैरे. माझ्या एका मैत्रिणीने चार संध्याकाळी दुसरंच केलं आणि इंटरव्ह्यूला पहिलं मागितलेलं होतं. जाहिरातीत किंवा मॅनेजरच्या मेलमध्ये नेमकं नाव काय लिहिलंय ते बघा आणि अकॅडमीत तेच नाव शोधा.

सेल्सफोर्स या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीनेही 2023 मध्ये सेल्स रिप्रेझेंटेटिव्ह नावाचं सर्टिफिकेट आणलं, त्यातही बटणं दाबण्यापेक्षा नियोजन, ग्राहकाशी संवाद, डील सांभाळणं, पाईपलाईन (हातात चालू असलेल्या सगळ्या डील), फोरकास्ट (पुढच्या विक्रीचा अंदाज) आणि विक्रीनंतरची काळजी यांवर भर आहे. ते पैसे भरून द्यायचं असतं आणि देखरेखीखाली होतं. तुमचं लक्ष्य ते असेल तरी खालचा बराचसा अभ्यास उपयोगी पडेल, पण मी हबस्पॉटबद्दल लिहितेय कारण खिशातून एक रुपया न जाता सुरुवात करता येते, आणि नवीन मुलामुलींनी तिथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

परीक्षेचं पान आधी वाचा, अभ्यास नंतर

फुकट अकाउंट उघडा, कोर्समध्ये जा आणि पहिला व्हिडिओ लावायच्या आधी परीक्षेचं पान उघडून वाचा. सुरू करायचं बटण दाबू नका, नुसतं वाचा. प्रश्न किती, वेळ किती, पास व्हायला किती बरोबर यावे लागतात, नापास झाल्यावर किती तास थांबावं लागतं, हे तिथे लिहिलेलं असतं. हे आकडे कंपनी अधूनमधून बदलते म्हणून दुसऱ्याने सांगितलेले धरून चालू नका. वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि एका प्रश्नाला किती सेकंद मिळतात त्याचा भागाकार तिथेच करून ठेवा, आपल्याला इंग्रजी वाचायला किती वेळ लागतो त्याच्याशी तो आकडा ताडून बघायचा आहे.

वही: तीन रकाने

मी सांगलीकडची, बारावीपर्यंत मराठी मीडियम, आणि ही परीक्षा मराठीत होत नाही. मला इंग्रजी समजतं पण घड्याळ चालू असताना दोन जवळजवळचे शब्द एकसारखे दिसायला लागतात. त्यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे तीन रकान्यांची वही. पहिल्या रकान्यात कोर्समधला शब्द जसाच्या तसा, दुसऱ्यात त्याचा अर्थ आपल्या भाषेत (डिक्शनरीतला नको, आपल्या धाकट्या भावाला सांगू तसा), तिसऱ्यात आपला एखादा खराखुरा ग्राहक. तिसरा रकाना भरता आला नाही तर तो शब्द अजून समजलेला नाही असं समजायचं.

उदाहरण देते. आयडियल बायर प्रोफाईल आणि बायर पर्सोना हे दोन शब्द. दोन्ही ऐकायला एकच वाटतात आणि परीक्षेत बरोबर एकाच्या जागी दुसरा ठेवलेला असतो. प्रोफाईल म्हणजे कुठल्या प्रकारची कंपनी आपल्याला जमते, तिचा धंदा काय, माणसं किती, आहे कुठे. माझ्या वहीत लिहिलं होतं: भोसरी चाकण पट्ट्यातले 20 ते 100 माणसांचे सुट्टे भाग बनवणारे कारखाने, ज्यांना चौकशा ऑनलाईन येतात. पर्सोना म्हणजे त्या कंपनीतला माणूस. एकाच कारखान्यात वडील असतात ज्यांना पैसा कुठे जातो त्याची काळजी, मुलगा असतो जो शिकून आलाय आणि त्याला सिस्टीम हवी आहे, आणि अकाउंट बघणाऱ्या मॅडम असतात ज्यांना टॅलीमध्ये परत तीच एन्ट्री करायची नाहीये. प्रोफाईल एक, पर्सोना तीन. हे लिहिल्यावर मला तो प्रश्न कधीच चुकला नाही.

असे 35-40 शब्द निघतात. रोज व्हिडिओ बघताना तिथल्या तिथे लिहा. व्हिडिओखाली बोललेलं सगळं लिखित स्वरूपात मिळतं, ज्यांना ऐकून पटकन कळत नाही त्यांनी आधी ते वाचावं आणि मग व्हिडिओ लावावा.

ग्राहकाचे तीन टप्पे, इथे घाई करू नका

अवेअरनेस, कन्सिडरेशन, डिसिजन. हे तीन शब्द सगळ्यांना पाठ असतात आणि तरी प्रश्न चुकतात, कारण प्रश्नात टप्प्याचं नाव नसतं, ग्राहक काय करतोय ते दिलेलं असतं आणि टप्पा तुम्ही ओळखायचा असतो. मी एकाच मालकाला तिन्ही टप्प्यांतून चालवून बघितलं, तुम्हीही तसंच करा.

मालक म्हणतोय की चौकशा एवढ्या येतात पण ऑर्डरी का वाढत नाहीत, कुठेतरी काहीतरी गळतंय. हा अवेअरनेस. त्याला त्रास जाणवतोय पण त्याला अजून नाव नाही. मग त्याला कळतं की कोटेशन पाठवल्यावर कोणी परत फोनच करत नाही. आता तो विचार करतो की फॉलोअपला एक मुलगी ठेवावी, की एक्सेलचं रजिस्टर नीट करावं, की सीआरएम म्हणजे ग्राहकांच्या सगळ्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यावं. हे कन्सिडरेशन, दुखण्याला नाव मिळालंय आणि उपायांचे प्रकार तो तोलतोय. सीआरएमच घ्यायचं हे ठरल्यावर तो विचारतो की हबस्पॉट घेऊ, झोहो घेऊ की सेल्सफोर्स, वर्षाला खर्च किती, शिकवायला कोण येणार. हे डिसिजन.

आता बघा, आपण सेल्सवाले काय करतो. पहिल्या टप्प्यावरच्या माणसाला तिसऱ्या टप्प्याचं उत्तर देतो. तो म्हणतो ऑर्डरी वाढत नाहीत आणि आपण म्हणतो आमचा स्टार्टर प्लॅन एवढ्याला आहे. परीक्षेतले निम्मे सापळे या एका सवयीवर लावलेले असतात, आणि खऱ्या धंद्यातही याच सवयीपायी आपली चांगली लीड, म्हणजे गिऱ्हाईक होऊ शकेल असा माणूस, थंड पडते. म्हणून इथे दोन दिवस घ्या. आपल्या शेवटच्या दहा चौकशा काढा, व्हॉट्सॲप असो, मेल असो, आणि प्रत्येकीपुढे टप्पा लिहा.

चार कामं आणि त्यांची जोडी

ग्राहकाचे तीन टप्पे झाले तसे विकणाऱ्याची चार कामं आहेत: आयडेंटिफाय, कनेक्ट, एक्सप्लोअर, अडव्हाईज. ओळखणं, जोडून घेणं, खोलात जाणं, सल्ला देणं. प्रत्येक कामानंतर समोरच्याचं नाव बदलतं आणि ही जोडी पक्की पाठ हवी. अनोळखी माणूस आयडेंटिफाय केल्यावर लीड होतो, कनेक्टनंतर ती क्वालिफाईड लीड (बोलणं पुढे न्यावं अशी) होते, एक्सप्लोअरनंतर ऑपॉर्च्युनिटी (विक्रीची खरी संधी), अडव्हाईजनंतर कस्टमर. कुठल्या कामातून काय तयार होतं असा सरळ प्रश्न आला तर हे पाच सेकंदांचे मार्क आहेत, ते सोडू नका.

आयडेंटिफायमध्ये मुख्य गोष्ट म्हणजे ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह बायर. जो आत्ता शोधतोय, साईटवर येऊन गेला, फॉर्म भरला, मेल उघडला, तो ॲक्टिव्ह. वेळ आधी त्याला द्यायचा. एखाद्या एक्झिबिशनमधून मिळालेली तीनशे व्हिजिटिंग कार्डं घेऊन पहिल्या कार्डापासून फोन लावत सुटणं ही जुनी पद्धत, आणि कोर्समध्ये जुन्या पद्धतीला लेगसी म्हणतात. तो शब्द प्रश्नात दिसला की समजायचं की काय करू नये ते विचारतायत. ट्रिगर इव्हेंट हाही शब्द इथलाच, म्हणजे कंपनीत असं काहीतरी घडलंय ज्यामुळे आता गरज निर्माण होऊ शकते, जसं नवीन प्लांट सुरू झाला, सेल्स हेड बदलला, नवीन भरती निघाली.

कनेक्टमध्ये पहिला संपर्क. इथे उत्तराचा निकष एकच धरा: तुमचा मेसेज समोरच्याच्या परिस्थितीपासून सुरू होतो की तुमच्या कंपनीच्या ओळखीपासून. ज्या पर्यायात आधी आपली ओळख, आपले अवॉर्ड, आपलं प्रॉडक्ट आहे तो बहुतेक वेळा चूक.

एक्सप्लोअर हा सगळ्यात मोठा भाग, त्याच्यावर पुढे वेगळं लिहिते. अडव्हाईजमध्ये प्रेझेंटेशन येतं, पण ते सगळ्यांना दाखवायचं ठरलेलं पीपीटी नाही. आधी त्या माणसाने काय काय सांगितलं त्याची उजळणी त्याच्यासमोर करायची, मग त्याच्या ध्येयाला आपला उपाय कसा लागू होतो ते सांगायचं, मग पैसे, निर्णय घेणारी माणसं आणि तारीख या तीन गोष्टी परत पक्क्या करायच्या. क्रम विचारला तर उजळणी पहिली.

फनेल आणि फ्लायव्हीलबद्दल एवढंच लक्षात ठेवा की 2018 पासून हबस्पॉट फनेल म्हणजे नरसाळ्याऐवजी फ्लायव्हील म्हणजे फिरत्या चाकाची उपमा वापरतं, अट्रॅक्ट, एंगेज, डिलाईट. फनेलमध्ये ग्राहक शेवटी बाहेर पडतो, चाकात खूश झालेला ग्राहकच पुढचा ग्राहक आणतो.

एक्सप्लोअर: लांबलचक अक्षरं आणि त्यामागचं बोलणं

जीपीसीटी, बीए, सीअँडआय. बघूनच घाबरायला होतं. गोल्स, प्लॅन्स, चॅलेंजेस, टाईमलाईन, मग बजेट आणि अथॉरिटी, मग कॉन्सिक्वेन्सेस आणि इम्प्लिकेशन्स. मराठीत लिहून ठेवा: कुठे पोचायचंय, त्यासाठी काय ठरवलंय, काय आडवं येतंय, कधीपर्यंत, पैसे किती, ठरवणार कोण, नाही झालं तर काय बिघडेल, झालं तर काय चांगलं होईल. शेवटच्या दोनमध्ये लोक घोळ करतात, कॉन्सिक्वेन्स वाईट बाजूचा आणि इम्प्लिकेशन चांगल्या बाजूचा.

याच्या आधी बरीच वर्षं सेल्समध्ये बीएएनटी चालायचं, म्हणजे बजेट, अथॉरिटी, नीड, टाईम, ही पद्धत आयबीएमकडून आली असं मानतात. त्यात पहिलंच अक्षर बजेट आहे आणि आपल्याकडे अजूनही कित्येक जण फोनवर तिसऱ्या वाक्याला विचारतात, सर बजेट काय आहे. हबस्पॉटची पद्धत पैशाकडे जाते पण नंतर जाते, कारण ज्या माणसाने आपला त्रास कधी मोजलेलाच नाही त्याला त्या त्रासावर किती खर्च करावा हे सांगता येणारच नाही.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला दुसऱ्या वेळी व्हिडिओ बघताना कळली. अक्षरांचा क्रम म्हणजे बोलण्याचा क्रम नव्हे. अक्षरांत गोल्स आधी आहेत पण एक्सप्लोअरच्या फोनवर सुरुवात अडचणीपासून करायला सांगतात, मग ती अडचण ध्येयाला जोडायची, मग वेळेत बसणारा प्लॅन, आणि मग बजेट. कारण जोवर काही टोचत नाही तोवर माणूस चालू पद्धत बदलत नाही, हे आपल्या घरातही बघा.

नुसतं वाचून भागत नाही, फोन करून बघा

सहाव्या सातव्या दिवशी पुस्तकी अभ्यास थांबवा आणि कोणाला तरी समोर बसवा. मी आमच्या ऑफिसातल्या एका सीनियर ताईंना विनंती केली, त्यांना सांगितलं की तुम्ही कारखान्याचे मालक, तुमच्या चौकशा इंडियामार्टवरून आणि व्हॉट्सॲपवर येतात, एक मुलगा रजिस्टर ठेवतो, बाकी काही मला सांगू नका, मी विचारेन तेवढंच सांगा. फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. पंधरा मिनिटांचा कॉल. नंतर ऐकून मोजलं तर अकरा मिनिटं मीच बोलत होते, आणि हे कोर्स पूर्ण बघून झाल्यावर. तिसऱ्या प्रयत्नाला ते पाच मिनिटांवर आलं. तो तिसरा कॉल थोडासा असा होता:

"सर, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात की कोणाला कोटेशन गेलं, कोणाला नाही, ते कळत नाही. हे कधीपासून जाणवायला लागलं?"

"दिवाळीनंतर. एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, तुमचं कोटेशन आलंच नाही, आम्ही दुसरीकडून घेतलं."

"ती ऑर्डर साधारण केवढी असेल?"

"चारेक लाखाची."

"अशा अजून किती गेल्या असतील असं वाटतं तुम्हाला?"

"ते... मोजलं नाही कधी."

इथे ताई गप्प बसल्या आणि मीही गप्प बसले. पहिल्या कॉलला याच जागी मी लगेच म्हटलं होतं की आमच्या डॅशबोर्डवर ते दिसतं सर. गप्प बसल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, मार्चच्या आत हे मार्गी लागलं पाहिजे, पुढच्या वर्षी दुसरं मशीन घ्यायचंय. एका वाक्यात टाईमलाईन आली, गोल आला, आणि मी काहीच विचारलं नव्हतं.

अथॉरिटीचा प्रश्न कसा विचारायचा यावरही सराव करा. निर्णय तुम्हीच घेता का, असं मालकाला विचारलं तर तो हो म्हणणारच, आणि मुलाला विचारलं तर त्याला अपमान वाटतो. त्याऐवजी, याआधी एखादी सिस्टीम घेतली तेव्हा कोणाकोणाशी बोलून ठरवलं होतं, असं विचारा. मग कळतं की टॅली घेताना सीएंना विचारलं होतं आणि शेवटची सही मोठ्या काकांची होती.

काही सॉफ्टवेअर कंपन्या त्यांच्या पार्टनर लोकांकडून असाच नकली कॉल परीक्षा म्हणूनही करून घेतात, समोर परीक्षक ग्राहक बनतो. तुमच्या परीक्षेत तो भाग असेल तर हा सराव दोनदा नाही, आठदा करा, आणि सुरुवातीला अजेंडा सांगणं आणि शेवटी पुढचं पाऊल तारखेसकट ठरवणं या दोन गोष्टी एकदाही विसरू नका.

प्रश्न कसा वाचायचा

मी स्वतः सरावासाठी प्रश्न बनवले, तुम्हीही बनवा, प्रश्न बनवताना कळतं की सापळा कुठे असतो. दोन नमुने देते.

एका कंपनीतल्या खरेदी मॅनेजरने तुमच्या साईटवरून फॉलोअप कसा करावा यावरची गाईड डाऊनलोड केली. पहिल्या फोनचा हेतू काय? पर्याय: डेमो ठरवणं, किंमत सांगणं, गाईड का शोधत होता ते विचारून त्याला मदत करणं, मालकाचा नंबर मिळवणं. उत्तर तिसरं. चौथं धंद्यात आपण करतो आणि कधी कधी लागतंही, पण पहिल्या फोनचा हेतू तो नाही.

दुसरा: एक्सप्लोअरच्या कॉलमध्ये लक्षात आलं की या ग्राहकाला आपलं सॉफ्टवेअर खरंच उपयोगाचं नाही. काय कराल? पर्याय: डिस्काउंट देऊन बघणं, सीनियरला जोडून घेणं, स्पष्ट सांगून जमल्यास दुसरी वाट दाखवणं, तीन महिन्यांनी फोन लावणं. तिसरं. टार्गेट डोक्यावर असणाऱ्याला हे उत्तर द्यायला मनातून जड जातं, मला गेलं होतं. पण पूर्ण पद्धत याच्यावर उभी आहे की सल्ला देणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे, नाहीतर तो सल्लाच नाही.

वाचताना ऑलवेज, नेव्हर, ओन्ली हे शब्द दिसले की थांबा, असे पर्याय बऱ्याचदा चूक असतात. नॉट आणि एक्सेप्ट (except, म्हणजे "सोडून") दिसलं की कागदावर मोठ्ठं "नाही" लिहा आणि मग पर्याय वाचा. फर्स्ट असेल तर क्रम विचारलाय, बेस्ट असेल तर दोन पर्याय बरोबर आहेत आणि त्यातला ग्राहकाच्या जास्त जवळचा निवडायचाय. आणि खरं की खोटं या प्रकारात वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर देऊन दुसऱ्या अर्ध्यात गडबड केलेली असते, शेवटपर्यंत वाचा.

नेटवर तयार उत्तरांच्या फाईली फिरतात. कृपा करून त्या वापरू नका. प्रश्न बदलत राहतात त्यामुळे त्या बऱ्याचदा जुन्या असतात ते आहेच, पण इंटरव्ह्यूला समोरचा माणूस पहिल्या दोन मिनिटांत विचारतो की तुमच्या शेवटच्या डीलमध्ये ग्राहकाचं चॅलेंज काय होतं, आणि त्याचं उत्तर कुठल्याच फाईलीत नसतं. फुकट मिळालेलं शिक्षण वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

परीक्षेच्या दिवशी

लॅपटॉप चार्ज, मोबाईलचं हॉटस्पॉट चालू करून एकदा जोडून बघितलेलं, आणि घरात सांगून ठेवलेलं की एवढा वेळ कोणी हाक मारायची नाही. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबेल या भरवशावर राहू नका, त्यामुळे गॅसवर कुकर ठेवून बसू नका. सकाळची वेळ निवडा, दिवसभर फोन करून आलेल्या डोक्याने रात्री दहाला देऊ नका. ऑफिसचं नेट वापरत असाल तर फायरवॉलमुळे पान अडकत नाही ना ते आदल्या दिवशी बघा.

पहिल्या फेरीत जे येतं ते सोडवत जा, अडलं तर प्रश्नाचा नंबर कागदावर लिहून पुढे. दुसऱ्या फेरीत त्या प्रश्नांना एकच प्रश्न विचारायचा, यात ग्राहक कुठल्या टप्प्यावर आहे. टप्पा सापडला की दोन पर्याय आपोआप गळतात. उत्तर बदलायचं असेल तर कारण सांगता आलं तरच बदला.

पास नाही झालात तर उठून जाऊ नका. पुढच्या अर्ध्या तासात, आठवतंय तोवर, कुठल्या विषयांवर अडलात ते वहीत लिहा, प्रश्न नव्हे, विषय. माझ्या यादीत तीन आलेले: कनेक्टचा हेतू, कॉन्सिक्वेन्स इम्प्लिकेशन, आणि अडव्हाईजचा क्रम. पुढचे दहा दिवस मला याच तीन ओळींनी चालवलं. थांबायची मुदत तासांत असली तरी लगेच परत बसू नका, तेच डोकं घेऊन बसलात तर तेच मार्क येतील.

पास झालात तर सर्टिफिकेट लिंक्डइनला लावालच, पण त्याच आठवड्यात आपल्या पाईपलाईनमधली अडकलेली एक डील काढा, ती मराठीतली आठ वाक्यं (कुठे पोचायचंय, काय आडवं येतंय वगैरे) तिच्यापुढे लिहा आणि ज्या वाक्यापुढे जागा रिकामी राहते तो प्रश्न विचारायला फोन लावा. माझ्या त्या डीलमध्ये "ठरवणार कोण" ही जागा चार महिने रिकामी होती. आणि सर्टिफिकेटवर एक्सपायरीची तारीख असते, ती आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, महिनाभर आधीची.